संथ जपानी पोस्ट-रॉक : ऐकायचे काय आणि कसे

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या गृहस्थांनी टोकियोच्या ‘मोनो’ या पोस्ट-रॉक (रॉकची वाद्ये, पण भर ध्वनीच्या पोतावर) बँडची ‘अ‍ॅशेस इन द स्नो’ ही पावणेबारा मिनिटांच्या आसपासची रचना दोनदा ऐकली. सुरुवातीची कित्येक मिनिटे तीच सुरावट पुन्हा पुन्हा येत राहते, गायक नाही, शब्द नाहीत. पुढे आवाज इतका वाढतो की त्यांना हेडफोनचा व्हॉल्यूम कमी करावा लागला, आणि मग रचना संपली. आयुष्यभर ख्यालगायन ऐकलेल्या त्यांच्या कानांना यात बढत कुठेच सापडली नाही. तेव्हा हे संगीत ऐकायचे कसे, सुरुवात कोणत्या अल्बमपासून करायची, आणि काम करताना मागे लावून ठेवण्यासाठीच ते असते का, असे त्यांनी विचारले आहे.

मी ध्वनिमिश्रणाचे काम करतो आणि अशा शब्दविरहित गिटारसंगीताचे मिश्रणही अनेकदा केले आहे, म्हणून उत्तर त्या बाजूने देतो. आवाज वाढल्यावर व्हॉल्यूम कमी केला, असे जे त्यांनी सहज सांगितले आहे, तिथेच अडचणीचे मूळ आहे. या संगीतात आवाजाचे लहानमोठे होणे हीच रचना आहे. बटणावर हात गेला त्या क्षणी दहा मिनिटे रचलेली गोष्ट श्रोत्याने स्वतःच पुसून टाकली, आणि जे उरले ते खरोखरच कंटाळवाणे होते. ऐकणाऱ्याचा यात फारसा दोष नाही. आपण बहुतेक जे संगीत ऐकतो ते, चित्रपटगीत असो वा भावगीत, आरंभापासून शेवटपर्यंत जवळजवळ एकाच पातळीवर ऐकू यावे अशा बेताने मुद्रित केलेले असते, आणि व्हॉल्यूम ही श्रोत्याच्या सोयीची बाब आहे असे आपण गृहीत धरून चालतो.

ख्यालाचा उल्लेख झालाच आहे, तर तुलना पुरती करतो, कारण ती खरोखर उपयोगी आहे. विलंबित ख्यालात बंदिश लहानशी असते, तालाचे आवर्तन ठरलेले असते, आणि त्या चौकटीत गायक एकेक स्वर उलगडत वर जातो. त्यात बदलत जातात ती स्वरांची परस्परनाती, लयीशी चाललेला खेळ आणि समेवर येण्याच्या वाटा; आवाजाची पातळी कमीजास्त होते, पण रागाचा विस्तार तिच्यावर टांगलेला नसतो. ‘मोनो’च्या रचनेत व्यवस्था बरोबर उलटी असते. चार किंवा आठ मापांची (माप म्हणजे ठेक्याचा एक फेरा) एक सुरावट असते, तिच्याखाली तीन-चार स्वरसंगती फिरत असतात, आणि ही सुरावट पहिल्या मिनिटाला जशी असते तशीच बहुधा नवव्या मिनिटालाही असते. बदलते ते तिच्याभोवतीचे सर्व काही: ती किती वाद्ये वाजवत आहेत, किती जोराने, कोणत्या सप्तकात, आणि दोन स्वरांमधली मोकळी जागा किती शिल्लक आहे. म्हणजे बढत येथेही आहे, पण ती पातळीची, दाटपणाची आणि ध्वनीच्या पोताची आहे. स्वरविस्ताराची वाट पाहत बसलेला कान नेमका जिथे काही घडत नाही तिथेच लक्ष लावून बसतो, आणि घडणारे सारे त्याच्या कडेने निघून जाते.

हे घडते कसे, ते वाद्यांच्या अंगाने समजून घेतले तर ऐकणे फार सोपे होते. बँडमध्ये दोन गिटार, एक बेस (खर्जाच्या स्वरांची गिटार) आणि ड्रम्स आहेत. ताकाआकिरा गोतो आणि योडा हे दोघे गिटारवादक मंचावर खुर्चीत बसून वाजवतात, आणि त्यांच्या पायांशी पेडलांची, म्हणजे गिटारचा ध्वनी बदलणाऱ्या पायबटणांची, रांग असते. या शैलीचे सर्वांत ओळखीचे तंत्र म्हणजे एकाच तारेवर पिक अतिशय वेगाने खालीवर चालवत एकच स्वर धरून ठेवणे, ज्याला गिटारवादक ट्रेमोलो पिकिंग म्हणतात. गिटारचा स्वर छेडल्या क्षणी सर्वांत मोठा असतो आणि लगेच विझू लागतो. व्हायोलिनसारखा तो ताणून धरता येत नाही. पण आघात पुरेसे जवळजवळ पडले आणि त्यांच्यावर डिले (आवाजाची मागाहून येणारी पुनरावृत्ती) व रिव्हर्ब (मोठ्या खोलीसारखी घुमणी) चढवले, तर प्रत्येक आघाताची कड पुढच्या आघातात मिसळते आणि एक सलग, थरथरता स्वर तयार होतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला येथे तंतुवाद्यांचा ताफा असल्याचा भास होतो. पुष्कळ ठिकाणी तो खरोखर असतोही, पण बऱ्याच ठिकाणी ती दोन गिटारेच असतात.

आता डिस्टॉर्शनकडे येऊ, कारण या संगीताची सर्वांत न समजलेली बाब तीच आहे. डिस्टॉर्शनचे पेडल सुरू नसते तेव्हा गिटार बोटांना फार संवेदनशील असते. हलके छेडले तर हलके, जोरात छेडले तर जोरात. पेडल सुरू झाले की ध्वनिलहरीची शिखरे छाटली जातात. आवाज एकदम मोठा होतो, पण त्याच वेळी त्याला छतही लागते: वादकाने हात कितीही जोराने मारला तरी पातळी फारशी वाढत नाही, फक्त पोत अधिक खरखरीत होतो आणि स्वर अधिक काळ टिकतो. म्हणजे त्या क्षणानंतर गिटार रचनेला आणखी वर नेऊ शकत नाही. तरीही रचना वर जात राहते, ती ड्रम्समुळे. त्याआधी ड्रमर फक्त टॉमवर (खोल आवाजाचा ढोल) किंवा सिंबलवर (धातूची थाळी) मऊ काठ्यांनी हलका गडगडाट ठेवतो. मग स्नेअर हा कडक आवाजाचा ढोल येतो, मग सिंबल पूर्ण ताकदीने उघडतात आणि वरच्या कंप्रतांचा सगळा प्रदेश व्यापून टाकतात. त्याच सुमारास बेस लहान स्वर सोडून लांब, जड स्वरांवर येतो आणि तळ भरून काढतो. मधल्या पट्टीत गिटार आधीच भरलेली असते. असा तळापासून माथ्यापर्यंत प्रत्येक थर भरला की तीच जुनी चार मापांची सुरावट भव्य वाटू लागते, आणि ती भव्यता सुरावटीतून आलेली नसून तिच्याभोवती जागाच न उरण्यातून आलेली असते.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की पुढच्या वेळी ही रचना ऐकताना गिटारकडे लक्ष न देता ड्रमरकडे द्यावे. तो केव्हा वाजवत नाही, केव्हा नुसते सिंबल घासतो, केव्हा पहिला सरळ ठेका धरतो, हे टिपत गेले की सगळी रचना नकाशासारखी समोर उघडते. ‘अ‍ॅशेस इन द स्नो’मध्ये सुरुवातीला ग्लॉकनस्पीलची छोटी, उंच स्वरांची सुरावट आहे, ती धातूच्या पट्ट्यांवर वाजते, म्हणून तिला आघाताची स्वच्छ कड आहे. तीच सुरावट पुढे गिटार आणि तंतुवाद्ये उचलतात आणि ती कड हळूहळू वितळत जाते. पहिल्यांदा स्वर मोजता येत होते, शेवटी येत नाहीत. एवढा एकच धागा धरून पावणेबारा मिनिटे ऐकली तरी ती रिकामी वाटणार नाहीत.

दुसरी सूचना व्हॉल्यूमबद्दल. ऐकण्याआधी रचनेचा सर्वांत मोठा भाग शोधून काढावा, म्हणजे साधारणपणे शेवटच्या तिसऱ्या हिश्शातला, आणि तो भाग आपल्याला मोठा पण सुसह्य वाटेल अशा पातळीवर व्हॉल्यूम लावावा. मग सुरुवातीला यावे आणि त्यानंतर बटणाला हात लावू नये. सुरुवात आता फार लहान ऐकू येईल, कदाचित खोलीतल्या पंख्याच्या आवाजाइतकीच. ते तसेच असायला हवे. आपल्या घरांत नेमकी येथेच अडचण येते, कारण छताचा पंखा, रस्त्यावरची वाहने आणि शेजारचा टीव्ही मिळून जी पार्श्वभूमी तयार होते तिच्याखाली पहिली दोन मिनिटे पूर्ण बुडून जातात, आणि श्रोता आवाज वाढवतो, मग शेवटी कमी करतो. कान पूर्ण झाकणारा बंद हेडफोन किंवा बाहेरचा गोंगाट कमी करणारा हेडफोन यासाठी उपयोगी पडतो. स्पीकर असतील तर रात्री उशिरा, पंखा थोडा वेळ बंद करून ऐकणे सर्वांत चांगले, कारण बेसचा जो दाब अंगाला जाणवायला हवा तो हेडफोन देऊ शकत नाही.

पातळी फार खाली ठेवून ऐकण्यात आणखी एक तोटा आहे. मानवी कान लहान आवाजात खालच्या कंप्रता फारच कमी पकडतो. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवले, आणि पुढे झालेल्या मापनांनी त्यांचे आकडे सुधारले तरी मूळ निष्कर्ष कायम ठेवला. संथ पोस्ट-रॉक हळू लावून ऐकले तर बेस आणि किक ड्रम जवळजवळ नाहीसे होतात, गिटारची मधली पट्टी एकटीच उरते, आणि मग ते खरोखरच एकसुरी वाटते. उलट टोकाचा धोकाही तितकाच खरा आहे. कामाच्या ठिकाणच्या ध्वनीबाबत अमेरिकेतील NIOSH या आरोग्यसंस्थेने सुचवलेली मर्यादा ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास अशी आहे, आणि त्यावर दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला ती फक्त पंधरा मिनिटे उरते. घरी ऐकताना शिखराचा भागही त्या टोकापर्यंत नेण्याची काहीच गरज नाही. रचनेचा परिणाम लहान आणि मोठ्या आवाजातल्या अंतरातून येतो, म्हणून खोली जितकी शांत, तितक्या कमी पातळीवर तो परिणाम मिळतो.

स्ट्रीमिंगवर ऐकत असाल तर अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये दोन-तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. एका ट्रॅकचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीत विरघळवणारा क्रॉसफेड बंद ठेवावा. शफल बंद ठेवावे. आवाज समान पातळीवर आणणारी सोय असते, तिच्यात स्पॉटिफायवर ‘लाउड’ असा पर्याय आहे. त्यात लिमिटर (ठरावीक पातळीवरचा आवाज दाबणारी सोय) लागतो आणि नेमकी या संगीताची शिखरे दाबली जातात, म्हणून तो निवडू नये. फोनमधला बेस बूस्ट किंवा आवाज ‘सुधारणारा’ कोणताही पर्यायही बंद करावा.

आता थोडे या संगीताच्या घडणीबद्दल, कारण ते इतके उंचसखल का मुद्रित केले जाते हे त्यातून कळते. ‘पोस्ट-रॉक’ हा शब्द १९९४ मध्ये सायमन रेनॉल्ड्स या इंग्रज समीक्षकाने रुळवला. रॉकची वाद्ये घेऊन त्यांच्याकडून रॉकपेक्षा वेगळे काम करून घेणाऱ्या, रिफपेक्षा (गिटारच्या ठसठशीत, पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यापेक्षा) पोताला महत्त्व देणाऱ्या बँडसाठी त्याने तो वापरला होता. ‘मोनो’ १९९९ मध्ये टोकियोत सुरू झाला. त्यांचा पहिला अल्बम ‘अंडर द पीपल ट्री’ २००१ मध्ये न्यूयॉर्कचे संगीतकार जॉन झॉर्न यांच्या त्झाडिक या लेबलने काढला, आणि त्यानंतर हा बँड जपानपेक्षा बाहेरच अधिक फिरत राहिला. निर्णायक वळण आले ते २००४ च्या ‘वॉकिंग क्लाउड अँड डीप रेड स्काय, फ्लॅग फ्लटर्ड अँड द सन शाइन्ड’ या लांबलचक नावाच्या अल्बमपासून, जो शिकागोच्या स्टीव्ह अल्बिनी यांनी मुद्रित केला. अल्बिनी स्वतःला निर्माता म्हणवून घेत नसत. आपण ध्वनिमुद्रण करतो, एवढेच त्यांचे म्हणणे असे. बँडला एका खोलीत एकत्र वाजवू द्यायचे, मायक्रोफोन नेमके ठेवायचे, अ‍ॅनालॉग टेपवर मुद्रण करायचे आणि नंतर त्यात शक्य तितकी कमी ढवळाढवळ करायची, अशी त्यांची पद्धत होती.

माझ्या धंद्यातल्या माणसाला या पद्धतीचे मोल फार वाटते. संगणकावर एकेक वाद्य वेगळे मुद्रित करून अशी रचना बनवता येते, आणि हल्ली पुष्कळ जण तशी बनवतातही. मग आवाज वाढवण्याचे काम मिश्रण करणारा एक पट्टी वर सरकवून करतो. ते कानाला लगेच कळते. चार माणसे एकत्र बसून एकमेकांचे ऐकत आवाज वाढवतात तेव्हा ती वाढ सरळ रेषेत होत नाही. ड्रमर किंचित पुढे जातो, गिटार मागे राहते, क्षणभर सगळे थांबल्यासारखे होते आणि मग एकदम पुढे येतात. लयही थोडी ताणली जाते. वाढीतला हा असमानपणाच तिच्यात जीव ओततो, आणि तो एकत्र वाजवल्याशिवाय मिळत नाही. अल्बिनी ७ मे २०२४ रोजी वारले. त्यांनी मुद्रित केलेला ‘मोनो’चा ‘ओथ’ हा अल्बम पुढच्याच महिन्यात प्रसिद्ध झाला. सुमारे वीस वर्षांच्या या सहवासातले पहिले आणि शेवटचे मुद्रण लागोपाठ ऐकले, तर खोलीचा आवाज दोन्हींत किती जपला आहे ते ध्यानात येते.

या संगीतावर लिहिताना झेन, शांतता, ऋतू, चेरीची फुले असे सगळे आणून त्याला ‘जपानी’ ठरवण्याची एक सवय पडली आहे. माझ्या मते त्यातून ऐकण्याला मदत होत नाही. गोतो यांनी स्वतः ज्यांचे ऋण मानले आहे त्यांत बेथोव्हन आहेत आणि ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ हा गिटारच्या गोंगाटाचे थर रचणारा बँड आहे, आणि ही दोन नावे कानात ठेवून ऐकले तर त्यांची रचनापद्धती बरीचशी उलगडते. पहिल्याकडून मोठ्या मुदतीत ताण साठवत नेण्याची रीत आली, दुसऱ्याकडून त्या ताणाला द्यायचा पोत. जपानचा संदर्भ काही ठिकाणी थेट येतो, आणि तेव्हा तो स्पष्टच असतो: २००४ च्या अल्बममधल्या ‘अ थाउजंड पेपर क्रेन्स’ या रचनेचे नाव घेतले की अणुबॉम्बमुळे आजारी पडलेल्या हिरोशिमाच्या सादाको सासाकी या मुलीने घडवलेले कागदी करकोचे आठवतात. पण सुरुवातीच्या श्रोत्याने असे अर्थ शोधत बसू नये. शब्द नसलेल्या संगीतात अर्थ नंतर येतो. आधी आकार ऐकू यावा लागतो.

मागे लावून ठेवण्याच्या प्रश्नाचे उत्तर येथेच देतो. जपानमध्ये तशा हेतूने रचलेल्या संगीताची एक स्वतंत्र आणि सुंदर परंपरा आहे. हिरोशी योशिमुरा यांचा १९८२ चा ‘म्युझिक फॉर नाइन पोस्टकार्ड्स’ हा अल्बम टोकियोच्या हारा संग्रहालयात वाजत असे; तो जागेत मिसळून जाण्यासाठी घडवलेला आहे, त्याची पातळी सम आहे, आणि मधूनच लक्ष गेले तरी काही निसटत नाही. संथ पोस्ट-रॉक वातावरणात्मक असले तरी त्या कामाचे नाही. त्याला वेळेचे भान हवे असते: आपण किती वेळ वाट पाहिली हे श्रोत्याच्या अंगात साठलेले असले तरच शिखराचा क्षण पोचतो. ईमेल लिहिताना ते लावले तर पहिली सहा मिनिटे ऐकूच येत नाहीत आणि सातव्या मिनिटाला त्रास होतो. काम करताना योशिमुरा लावावेत. ‘मोनो’साठी बारा मिनिटे वेगळी काढावीत, आणि तेवढी त्या दिवशी नसतील तर दुसऱ्या दिवशी ऐकावे.

सुरुवातीसाठी मी मोठी रचना देणार नाही. ‘अ‍ॅशेस इन द स्नो’ ज्या अल्बममध्ये आहे त्या २००९ च्या ‘हिम टू द इमॉर्टल विंड’मध्येच ‘फॉलो द मॅप’ नावाची चार मिनिटांच्या आतली रचना आहे. पियानो, गिटार आणि तंतुवाद्ये यांची ती लहान चढण आहे, आणि वर सांगितलेली सगळी यंत्रणा तिच्यात छोट्या प्रमाणावर दिसते. ती काही दिवस ऐकावी. मग २००४ च्या अल्बममधली ‘हॅल्सियन’ ऐकावी. तिच्यात वाद्यवृंदाचा भार नाही, त्यामुळे बँडच्या मूळ वाद्यांनीच दाटपणा कसा येतो ते निर्मळपणे ऐकू येते. ‘अ‍ॅशेस इन द स्नो’कडे परतायचे ते त्यानंतर.

पूर्ण अल्बम ऐकण्याची तयारी झाली की माझी निवड २००६ च्या ‘यू आर देअर’ची असेल, आणि ती ठाम आहे. त्यात सहा रचना आहेत. चार मोठ्या, दहा ते पंधरा मिनिटांच्या. आणि त्यांच्यामध्ये दुसऱ्या व पाचव्या क्रमांकावर प्रत्येकी चारेक मिनिटांच्या दोन लहान. या लहान रचनांत शिखर नाही. मोठ्या आवाजानंतर कान काही काळ बधिर होतो, लहान आवाज त्याला नीट कळत नाहीत. मधल्या चार मिनिटांत तो पूर्ववत होतो आणि पुढच्या रचनेची हलकी सुरुवात पुन्हा ऐकू येऊ लागते. म्हणून या दोन रचना वगळून ऐकू नयेत. तिसरी ‘यर्निंग’ मात्र सावधपणे ऐकावी, कारण तिच्यात शांततेतून गोंगाटाकडे जाणारा जिना नाही. दीर्घ शांत भागानंतर भिंत एकदम समोर येते. व्हॉल्यूम आधी ठरवून ठेवण्याची सूचना येथे सर्वांत अधिक लागू पडते.

‘मोनो’च्या सगळ्याच रचना सारख्या मोलाच्या आहेत असे मी म्हणणार नाही. हळू सुरू करायचे, वाढवत न्यायचे, फोडायचे, हा साचा बनू शकतो, आणि जगभरच्या शेकडो पोस्ट-रॉक बँडांनी तो साचाच उचलला. खऱ्या रचनेची परीक्षा मी अशी करतो: आवाज मोठा झाल्यावर पहिल्या भागाबद्दल काही नवे कळले का? ‘मूनलाइट’मध्ये, जी ‘यू आर देअर’ची शेवटची रचना आहे, ते कळते, सुरुवातीला जो स्वर सहज वाटला होता तो पुढे सगळ्यांनी मिळून धरला की तोच आधार होता हे ध्यानात येते. त्यांच्या काही नंतरच्या रचनांत मात्र वाद्यवृंद आहे म्हणून तो येतो, आणि दहाव्या मिनिटाला जे मिळते ते पाचव्या मिनिटालाच दिसलेले असते. २०१४ मध्ये त्यांनी ‘द लास्ट डॉन’ आणि ‘रेज ऑफ डार्कनेस’ असे दोन अल्बम एकाच वेळी काढले, त्यांतल्या दुसऱ्यात तंतुवाद्ये बाजूला ठेवली; तो कोरडा, काळपट आवाज मला त्या काळातला सर्वांत प्रामाणिक वाटतो. २०१९ च्या ‘नोव्हेअर नाऊ हिअर’मध्ये ड्रमर बदलला आहे, बेस वाजवणाऱ्या तामाकी एका रचनेत प्रथमच गायल्या आहेत, आणि लयीत एक नवी चपळाई आली आहे.

या एका बँडवर थांबू नये. ‘रेज ऑफ डार्कनेस’मध्ये ज्यांचा आवाज ऐकू येतो ते तेत्सुया फुकागावा टोकियोच्याच ‘एन्व्ही’चे गायक. हा बँड १९९२ पासूनचा, मुळात हार्डकोर (पंकचा वेगवान, आक्रमक प्रकार) वाजवणारा. २००३ च्या ‘अ डेड सिंकिंग स्टोरी’ आणि २००६ च्या ‘इन्सॉम्निअ‍ॅक डोझ’पर्यंत येता येता त्यांच्या रचना लांबल्या, शांत भाग वाढले, आणि जपानी शब्द कधी पुटपुटत तर कधी किंचाळत येऊ लागले. किंचाळणे न रुचणाऱ्यांनीही ‘इन्सॉम्निअ‍ॅक डोझ’ एकदा ऐकावा, कारण तिथे मानवी आवाज ड्रम्सप्रमाणे चढण ठरवतो. ‘वर्ल्ड्स एंड गर्लफ्रेंड’ या नावाने काम करणारे कात्सुहिको माएदा यांनी ‘मोनो’बरोबर मिळून केलेला ‘पामलेस प्रेअर / मास मर्डर रिफ्रेन’ पाच भागांचा, तासाहून मोठा आहे. त्यात तंतुवाद्ये आघाडीवर आहेत आणि गती या सर्वांत संथ. तो पहिल्या महिन्यात ऐकू नये. ‘बोरिस’ या जपानी बँडचा २००० मधला ‘फ्लड’ सत्तर मिनिटांचा, चार भागांचा. त्याच्या पहिल्या भागात गिटारची एकच आकृती दोन थरांत वाजते आणि ते थर हळूहळू एकमेकांपासून सरकत जातात. ख्याल ऐकणाऱ्यांना, लयीच्या सूक्ष्म विस्थापनाची सवय असल्याने, तो आश्चर्यकारकरीत्या सोपा जातो, असे मी अनेकदा पाहिले आहे.

‘टो’ हा टोकियोचा बँड याच यादीत नेहमी सांगितला जातो. उत्तम बँड आहे, ताकाशी काशिकुरा यांचे ड्रम्स ऐकण्यासारखेच आहेत, पण त्याची प्रकृती चपळ आणि तुटक आहे, संथ नाही. उलट ‘फिशमन्स’ या जपानी बँडला कोणी पोस्ट-रॉक म्हणत नाही, तरी १९९६ चा त्यांचा ‘लाँग सीझन’, जी पस्तीस मिनिटांची एकच सलग रचना आहे, ती मी प्रत्येकाला ऐकायला सांगतो. तिच्यात गाणे आहे, डब या जमैकन शैलीचा जड बेस आहे, आणि आवाज कुठेही फुटत नाही. एक छोटी सुरावट अर्धा तास फिरत राहते आणि तरी प्रत्येक वळणावर तिच्याखालची जमीन वेगळी असते. गायक शिंजी सातो १९९९ च्या मार्चमध्ये वारले. संथ वाटचालीचा शेवट स्फोटातच व्हायला हवा असा समज ज्यांचा झाला असेल त्यांनी ही रचना ‘यू आर देअर’नंतर लगेच ऐकावी.

प्रत्यक्ष कार्यक्रमाला जाण्याची संधी कधी मिळाली तर कानातले प्लग जरूर न्यावेत, आणि फोमचे न घेता संगीतासाठी बनवलेले घ्यावेत. फोमचे प्लग वरच्या कंप्रता अधिक दाबतात, त्यामुळे सिंबल मातीत पुरल्यासारखे ऐकू येतात. संगीतासाठीचे प्लग सर्व पट्ट्या जवळपास सारख्याच खाली आणतात. ते पहिल्या शांत भागापासूनच घालावेत, कारण शिखर आल्यावर घालू म्हटले तर तोपर्यंत उशीर झालेला असतो आणि मधेच पातळी बदलल्याने रचनेचा आकारही मोडतो. उभे राहायचे ते मंचाच्या कडेला नाही; मध्यरेषेवर, ध्वनिमिश्रण करणाऱ्याच्या टेबलाजवळ. तो जे ऐकून निर्णय घेतो तेच तिथे ऐकू येते.